भरीत पार्टी, नाकातला स्प्रे आणि घरी राहिलेली सुई: तीव्र ॲलर्जीचं एक प्रकरण

(मुलाची व कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

तापीकाठचं खानदेशातलं एक गाव. प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर, तालुक्याचं ठिकाण १७ किलोमीटरवर. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत शिकणारा, वजन ३६ किलो. शेंगदाण्याची ॲलर्जी आणि सोबत दमा. दम्याचा पंप आहे, पण तो त्रास झाला तरच ओढायचा अशी घरातली समजूत.

शेंगदाणा टाळायचा म्हणजे खानदेशात पंगतच टाळावी लागते. शेवभाजीच्या रश्श्यात तो आहे, ठेच्यात आहे, भरतात आहे, उपासाच्या ताटात तर त्याच्याशिवाय काही नाही. या मुलाला पाचव्या वर्षी चिक्की खाल्ल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या. दहाव्या वर्षी एका लग्नात शेवभाजी खाल्ली आणि वीस मिनिटांत उलट्या, छातीत शिट्टी, चेहरा सुजलेला. जवळच्या दवाखान्यात ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं अशी दोन इंजेक्शनं मिळाली. तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं मुख्य औषध म्हणजे ॲड्रेनॅलिन, ते मिळालं नाही. मूल वाचलं, त्यामुळे 'दोन इंजेक्शनांत बरं होतं' असा घरच्यांचा ग्रह झाला. पुढे जे घडलं त्यात या ग्रहाचा वाटा मोठा आहे.

लग्नातल्या प्रसंगानंतर नाशिकच्या ॲलर्जी तज्ज्ञांकडे तपासणी झाली. त्यांनी मराठीत एक कार्ड लिहून दिलं. त्यातली मुख्य ओळ अशी: 'त्वचेसोबत श्वास, पोट किंवा चक्कर यांपैकी काहीही एक सुरू झालं, की आधी ॲड्रेनॅलिन, मग बाकी सगळं.' सोबत १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीची ॲड्रेनॅलिनची दोन ॲम्प्यूल (औषधाच्या बंद काचेच्या कुप्या) आणि १ मिलीच्या सिरिंजा. डोस ०.३ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. (हिशेब किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असा असतो. ३६ किलोला ०.३६ येतो, पण अंगाने लहान मुलांसाठी ०.३ ही कमाल धरतात.)

अडचण

अडचण सुईची होती, आणि ती एकट्या मुलाची नव्हती. मुलगा सुई पाहून पळायचा, हे खरं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आईचा हात चालत नव्हता. तज्ज्ञांकडे सराव करताना पहिलं ॲम्प्यूल तिच्या हातात चुरलं, दुसऱ्यातून औषध ओढायला तीन मिनिटांच्या वर गेली. यात आईचा दोष नाही. कॅनडातल्या २००१ च्या एका अभ्यासात पालकांना ॲम्प्यूलमधून बाळाचा डोस भरायला सरासरी १४२ सेकंद लागले होते, डॉक्टरांना ५२. पालकांनी भरलेल्या डोसांमध्ये तफावतही प्रचंड होती.

त्यात सिरिंजचा घोळ. पहिला संच संपल्यावर मेडिकलवाल्याने १ मिलीची म्हणून इन्शुलिनची सिरिंज दिली. तिच्यावर मिलीच्या नाही, युनिटच्या खुणा असतात. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही मिळतात. ०.३ मिली म्हणजे पहिलीवर १२ युनिट, दुसरीवर ३०. घाबरलेल्या माणसाने हा हिशेब करावा अशी अपेक्षाच चुकीची. शिवाय तिची सुई जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरची, म्हणजे औषध कातडीखाली राहतं, स्नायूपर्यंत जात नाही. मुलांवरच्या एका जुन्या अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेल्या ॲड्रेनॅलिनची रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखरावर गेली होती, कातडीखाली दिलेल्याची ३४ मिनिटांत. ब्रिटनमध्ये ॲलर्जीने झालेल्या मृत्यूंच्या पाहणीत अन्नाच्या प्रतिक्रियेत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक वेळ ३० मिनिटं निघाला होता. १७ किलोमीटरवरच्या दवाखान्याच्या हिशेबात ८ आणि ३४ मधली ही २६ मिनिटं कुठून आणायची?

शाळेचा प्रश्न वेगळाच. शिक्षकांनी स्पष्ट सांगितलं, 'गोळी देऊ, पंप देऊ, सुई टोचणार नाही.'

तपासून पाहिलेले पर्याय

ॲम्प्यूल आणि साधी सिरिंज. स्वस्त, तालुक्याला सहज मिळणारी, डोस नेमका बसणारी. अडचण वर आलीच.

आधी भरून ठेवलेली सिरिंज. ०.३ मिली भरून, टोपण लावून, काळ्या डबीत. ३८ अंशांवर केलेल्या चाचणीत अशा सिरिंजमधलं औषध हवेतल्या ओलाव्यानुसार दोन ते तीन महिनेच टिकलं होतं. म्हणजे दर दोन महिन्यांनी नवी भरायची. शेतीच्या हंगामात दोन चकरा चुकल्या, की डबीतलं औषध भरवशाचं राहत नाही. ॲड्रेनॅलिन हवा आणि उजेडाने गुलाबी होतं, मग तपकिरी. असा रंग दिसला तर ते टाकायचं. पण रंग बदलला नाही म्हणजे ताकद शाबूत आहे, असंही नाही.

आपोआप टोचणारं पेन. जळगावात चार-पाच मेडिकलमध्ये विचारलं, कुणाकडे नव्हतं. बाहेरून मागवता आलं असतं, पण सुई त्यातही आहेच आणि उन्हाळ्याचा प्रश्न आहेच. ही पेनं २० ते २५ अंशांत ठेवायची असतात. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको.

पंपातून किंवा वाफेतून ॲड्रेनॅलिन. घरच्यांना हा पर्याय सगळ्यात ओळखीचा, कारण दम्याचा पंप घरात होताच. पण मुलांवर तपासलं तेव्हा पुरेसा डोस पोचायला १० ते २० वेळा पंप ओढावा लागत होता. चव कडू, खोकला येणारा. बहुतेक मुलांना ते जमलं नाही आणि रक्तातली पातळी पुरेशी वाढलीच नाही. वाफेने घशाची सूज उतरायला मदत होते, तीही दवाखान्यात, इंजेक्शन दिल्यावर. इंजेक्शनच्या जागी ती चालत नाही. पोटात घेण्याचा तर प्रश्नच नाही, आतडं आणि यकृत ॲड्रेनॅलिन निकामी करून टाकतात. जिभेखाली ठेवायच्या पट्टीवर तेव्हा परदेशात काम चालू होतं, त्यामुळे तिचा विचार इथे झाला नाही.

नाकातला स्प्रे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेफी' नावाचा २ मिलिग्रॅमचा स्प्रे ३० किलो आणि त्यापुढच्या वजनासाठी मंजूर केला. मार्च २०२५ मध्ये चार वर्षांवरच्या, १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी १ मिलिग्रॅमचा आला. मंजुरी निरोगी माणसांच्या रक्तातली पातळी, नाडी आणि रक्तदाब मोजून मिळाली आहे. जीव धोक्यात असलेल्या रुग्णांवर तुलना करून पाहणं नीतीला धरून नाही, म्हणून तशी चाचणी झालेली नव्हती. घरच्यांना हे सांगणं तज्ज्ञांनी टाळलं नाही, हे महत्त्वाचं. स्प्रेचे फायदेही खरेच होते: सुई नाही, शाळा तयार, आणि मधे काही काळ ५० अंशांपर्यंत तापला तरी चालतो असं लेबलवर लिहिलेलं.

मुलाचा मामा न्यू जर्सीत. तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन दिवाळीला तो दोन स्प्रेंची एक पेटी घेऊन आला. ठरलं असं: स्प्रे पहिला, ॲम्प्यूलचा संच मागे आधाराला, आणि दोन्ही कायम एका पिशवीत.

घडलं काय

थंडीतला रविवार, मळ्यात भरीत पार्टी. कापसाच्या पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजलेली, लाकडी बडजीत कुटलेली. मुलासाठी वेगळं भरीत आधीच काढून ठेवलं होतं. त्यात शेंगदाणे नाहीत, चमचा वेगळा, भांडं वेगळं. काळजी मनापासून घेतली होती.

१:१० ला मंडळी जेवायला बसली. १:२२ ला मुलाचे ओठ खाजायला लागले, मानेवर गांधी उठल्या. आईने सेटिरिझिनची, म्हणजे ॲलर्जीची नेहमीची गोळी दिली. १:३१ ला उलटी झाली, कोरडा खोकला सुरू झाला, आवाज घोगरा झाला. मुलगा गळ्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, मना गया दाटी ऱ्हायना." (माझा गळा दाटतोय.)

कार्डावरची अट इथे पूर्ण झाली. त्वचा, पोट आणि घसा, तिन्ही.

पुढची सात मिनिटं बोलण्यात गेली. काकांचं म्हणणं गाडी काढू. आजोबांचं म्हणणं गोळीला थोडा वेळ द्या, ते औषध हार्टवर जातं. आईने पिशवीतून स्प्रे काढला, पण माहितीपत्रक इंग्रजीत. कॉलेजात शिकणारा मावसभाऊ पुढे झाला. त्याला स्वतःला शिंकांसाठी रोजचा नाकाचा स्प्रे आहे. त्या सवयीने त्याने १:३८ ला स्प्रे हवेत एकदा दाबून पाहिला. टक्क असा आवाज झाला, बारीक फवारा उडाला आणि दट्ट्या आत गेला तो बाहेर आलाच नाही. त्या उपकरणात एकच फवारा असतो, ०.१ मिलीचा. तो बांधावर सांडला.

१:४० ला आईने दुसरा स्प्रे उजव्या नाकपुडीत दिला. मुलाने तो जोरात आत ओढला आणि घशात कडू लागल्याचं सांगितलं. १:४२ ला १०८ ला फोन लागला, गाडीला पस्तीस मिनिटं लागतील असं कळलं. १:४३ ला दोघांनी मुलाला खांद्याला धरून गाडीकडे चालवायला घेतलं. तिसऱ्या पावलाला त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खाली बसला. मळ्यातली बाज आणली, त्यावर आडवा करून, पायाखाली पोतं ठेवून त्याला बोलेरोपर्यंत नेलं.

१:४५ ला पाच मिनिटं झाली. खोकला थोडा कमी, पण छातीत शिट्टी, ओठ पांढरे, हात गार. कार्डाप्रमाणे दुसरा डोस द्यायची वेळ झालेली, आणि स्प्रे संपलेला. ॲम्प्यूलचा संच घरी होता. स्प्रे आल्यापासून 'आता सुई कशाला' म्हणून तो पिशवीतून काढून कपाटात ठेवला होता.

इथे वडिलांनी चांगला निर्णय घेतला. घरी असलेल्या दहा वर्षांच्या धाकट्या मुलीला फोन केला. संच कुठल्या फळीवर आहे हे तिला ठाऊक होतं. शेजारचा मुलगा संच घेऊन मोटरसायकलवर निघाला, इकडून बोलेरो निघाली. गावाच्या फाट्यावर दोघे भेटले. तो रस्ता आरोग्य केंद्राकडेच जाणारा, त्यामुळे वळसा पडला नाही. मळ्यातच थांबले असते तर आणखी सात-आठ मिनिटं गेली असती. वाटेत आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला, तो स्पीकरवर चालू राहिला. १०८ लाही आरोग्य केंद्रावर यायला सांगितलं.

गाडी बाजूला उभी केली. आईने ॲम्प्यूलच्या मानेत अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणलं, ठिपका स्वतःकडे केला, मानेला रुमाल गुंडाळला आणि मान पलीकडे मोडली. ०.३ च्या खुणेपर्यंत औषध, बुडबुडा बाहेर, पँटवरूनच मांडीच्या मधल्या भागात बाहेरून, सुई सरळ आत. वेळ १:५६. तिचं बोट काचेने कापलं होतं, ते तिला आरोग्य केंद्रावर कळलं.

निष्पत्ती

२:०९ ला आरोग्य केंद्र. रक्तदाब ८४/५०, नाडी १३२, ऑक्सिजन ९२ टक्के. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कार्ड वाचलं, दोन्ही डोसांच्या वेळा विचारल्या आणि २:११ ला ॲड्रेनॅलिनचं दुसरं इंजेक्शन दिलं. मग ऑक्सिजन, किलोमागे २० मिली प्रमाणे सुमारे ७०० मिली सलाइन, श्वासनळ्या मोकळ्या करायला साल्ब्युटामॉलची वाफ. २:३० ला रक्तदाब १०२/६४. फेनिरामाइन (ॲलर्जीचं) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) त्यानंतर दिलं. क्रम असाच हवा.

तिथून १०८ ने तालुक्याच्या रुग्णालयात. संध्याकाळी ६:४० ला गांधी आणि शिट्टी पुन्हा सुरू झाली. शेंगदाणा पोटात गेल्यावर साडेपाच तासांनी, नव्याने काहीही न खाता. ही दुसरी लाट अपवादाने येते, पण येते. पहिला डोस उशिरा मिळाला किंवा एकापेक्षा जास्त डोस लागले, की तिची शक्यता वाढते. तिसरं इंजेक्शन द्यावं लागलं. मुलगा रात्रभर देखरेखीखाली राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. 'आता बरा दिसतोय' म्हणून तीन वाजताच घरी नेला असता, तर ६:४० ला तो पुन्हा १७ किलोमीटर लांब असता.

निर्णयाच्या जागा

तेल. शेंगदाणे न टाकलेल्या भरताने हे कसं झालं? फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची होती. आजवर घरात रिफाइंड तेल होतं, ते मुलाला सोसायचं. रिफाइंड करताना प्रथिनं जवळजवळ निघून जातात आणि ॲलर्जी प्रथिनाची असते. त्या महिन्यात आरोग्याला चांगलं म्हणून लाकडी घाण्याचं तेल आणलं होतं. घाण्याच्या तेलात प्रथिनं उरतात. घरात कुणीही 'शेंगदाणा बंद' म्हणताना घाण्याच्या तेलाचा विचार केलेला नसतो, आणि तो खानदेशात, जिथे गावोगाव घाणे पुन्हा सुरू झालेत, करायलाच हवा.

१:२२ ची गोळी. सेटिरिझिन चुकीचं नव्हतं, त्याची वाट पाहणं चुकीचं होतं. ते खाज आणि गांधींवर चालतं, तेही अर्ध्या तासाने. घशाच्या सुजेवर किंवा पडलेल्या रक्तदाबावर त्याचा उपयोग नाही. १:२२ लाच मुलाला आडवं करून, स्प्रे हातात घेऊन, गाडी वळवून ठेवता आली असती. तसं झालं असतं तर १:३१ ला फक्त दाबायचं उरलं असतं. मुलाला दमा आहे आणि आधी एक गंभीर प्रसंग झालेला आहे. अशा मुलाच्या बाबतीत संशयाचा फायदा ॲड्रेनॅलिनला द्यायचा.

आजोबांची भीती. ती हास्यास्पद नाही. ॲड्रेनॅलिन पातळ न करता शिरेत गेलं तर धोका असतो, आणि अशाच गोष्टी कानोकानी पसरतात. मांडीच्या स्नायूत नेमका डोस दिला, की निरोगी मुलाला छातीत धडधड, हाताला कंप, डोकेदुखी एवढंच जाणवतं आणि काही मिनिटांत ओसरतं. सांगायचं तर आजोबांनाच समोर बसवून सांगायला हवं होतं, कारण मळ्यात शब्द त्यांचा चालतो. तज्ज्ञांकडे नाशिकला फक्त आईवडील गेले होते.

हवेत गेलेला फवारा. रोजच्या नाकाच्या स्प्रेच्या बाटलीत नळी आणि पंप असतो, पहिल्यांदा वापरताना हवा काढायला तो दोन-चार वेळा दाबावाच लागतो. या उपकरणात पंप नाही. खालचा दट्ट्या एकदा वर दाबला, की एकुलता डोस सुटतो. त्यामुळे ज्याला नाकाचा स्प्रे 'येतो' तोच इथे चुकण्याची शक्यता जास्त. नीट पद्धत अशी: अंगठा दट्ट्याखाली, दोन बोटं नळीच्या दोन्ही बाजूंना. नळी नाकपुडीत पूर्ण आत, बोटं नाकाला टेकेपर्यंत. टोक सरळ, मधल्या पडद्याकडेही तिरकं नाही आणि बाहेरच्या बाजूकडेही नाही. मग एका दमात जोराने वर. ओढायचं नाही, हुंगायचं नाही. औषध नाकाच्या अस्तरातून शोषलं जातं. ओढलं की ते घशात आणि पोटात जातं, आणि पोटातलं वाया. १:४० ला कडू चव लागली ती त्याची खूण. दुसरा डोस लागला तर नव्या उपकरणाने, पाच मिनिटांनी, त्याच नाकपुडीत. नाकात पॉलिप (अस्तराची मऊ गाठ) असेल किंवा ऑपरेशन झालेलं असेल, तर शोषण कमी पडू शकतं, हे डॉक्टरांना आधीच सांगायचं.

चालवत नेणं. रक्तदाब पडत असताना उभं केलं, की पायात साचलेलं रक्त हृदयाकडे परतत नाही. अशा एका हालचालीने माणसं गेल्याची नोंद आहे. आडवं ठेवायचं, पाय वर. श्वासाला फार त्रास असेल तर टेकून बसवायचं, पण पाय लांब सोडून. उलटी येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. बाज आणण्याची कल्पना ज्या शेतमजूर बाईंना सुचली, त्यांनी त्या दुपारी फार मोठं काम केलं.

ॲम्प्यूल नाकात. फाट्याकडे जाताना वडिलांनी फोनवर विचारलं होतं, 'ॲम्प्यूल फोडून नाकात थेंब टाकले तर? सुई टळेल.' प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, आणि उत्तर ठाम 'नाही' असं आहे. ॲड्रेनॅलिन नाकाच्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, म्हणजे स्वतःच्या शोषणाची वाट स्वतःच बंद करतं. म्हणून स्प्रेमध्ये डोडेसिल माल्टोसाइड हे अस्तरातल्या पेशींमधल्या सांधी थोडा वेळ सैल करणारं द्रव्य घातलेलं असतं. मात्राही २ मिलिग्रॅम, म्हणजे इंजेक्शनच्या ०.३ च्या सहापटीहून जास्त. ॲम्प्यूलमध्ये ते द्रव्य नाही आणि २ मिलिग्रॅमसाठी २ मिली पाणी नाकात ओतावं लागेल, जे घशातच उतरेल. ॲम्प्यूल मांडीसाठी आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हे एका वाक्यात सांगितलं आणि आईला सिरिंज भरायला लावली. तो एक मिनिट वाया गेला असता, तर सगळीच वेळ पुढे सरकली असती.

घरी राहिलेला संच. आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ही. स्प्रे हवेत उडणं ही अनवधानाची गोष्ट होती. संच कपाटात ठेवणं ठरवून केलेलं होतं. एका पेटीत दोनच स्प्रे येतात, या मुलाला त्या दिवशी एकूण चार डोस लागले. दोन्ही स्प्रे नीट वापरले गेले असते, तरी तिसऱ्या डोसाच्या वेळी सुईच लागली असती.

नंतर काय बदललं

नवी पेटी यायला दोन महिने लागले. तोवर भरून ठेवलेल्या दोन सिरिंजा काळ्या डबीत, डबीवर भरल्याची तारीख. आता पिशवीत दोन स्प्रे, दोन ॲम्प्यूल, मिलीच्या खुणा असलेल्या १ मिलीच्या तीन सिरिंजा, २३ नंबरच्या एक इंची सुया, रुमाल, कार्ड. ०.३ च्या खुणेवर लाल नेलपॉलिशची रेघ. इन्शुलिनची सिरिंज घरातून बाद. पेटीवर आईच्या अक्षरात पट्टी: 'आधी दाबून बघू नका. एकदाच उडतो. ओढू नको.' पिशवी मोटरसायकलच्या डिकीत ठेवायची नाही, कारण उभ्या उन्हात तिथे ५० अंशांच्या वर जातं.

शाळेच्या वेळेत यातला एक स्प्रे मुख्याध्यापिकांच्या टेबलाच्या खणात ठेवायची तयारी शाळेने दाखवली, कुलूप न लावता. दुसरा मुलाच्या पिशवीत असतो. दोन शिक्षकांनी मळ्यातल्या रिकाम्या उपकरणावर अंगठ्याची पकड शिकून घेतली. सुईला नाही म्हणणारे तेच शिक्षक. सुईविना पर्यायाने या गावात सगळ्यात मोठं काम केलं ते हे.

दम्याचा रोजचा पंप नियमित सुरू झाला, कारण आटोक्यात नसलेला दमा अशा प्रतिक्रियेला अधिक जीवघेणी करतो. घाण्याचं तेल दुसऱ्या घरी गेलं.

आई दर महिन्याच्या एक तारखेला सलाइनच्या पाण्याचं एक ॲम्प्यूल फोडते, सिरिंज भरते आणि मोसंबीला टोचते. धाकटी बहीण मोबाइलवर वेळ लावते. पहिल्या महिन्यात दोन मिनिटं दहा सेकंद लागले होते. आता बासष्ट सेकंद लागतात, आणि आजोबा शेजारी बसून मोजतात.